हक्क सोडण्याआधी

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस? तर मी अबुधाबीबाहेरच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर, डोक्यावरून उतरणाऱ्या विमानांची घरघर ऐकत, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या जुन्या जमीनविक्रीच्या नोंदी वाचते. तिथल्या वकिलांना एखाद्या जमिनीची मालकी पहिल्यापासून कुणाकडून कुणाकडे गेली याचा गोषवारा लागतो. अबुधाबीतलं एक छोटं ऑफिस ते काम घेतं आणि माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्यांना वाटून देतं. जुन्या पानांचे फोटो येतात, मी ते वाचते आणि कोणी, कुणाला, कोणती जमीन दिली ते तक्त्यात भरते. पुण्यात मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नवऱ्याला इथे ऑइल कंपनीत नोकरी लागली, मी मागोमाग आले आणि बरीच वर्षं नुसती डबे भरत बसले. त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरलं. नवरा मला तेव्हापासून तलाठी म्हणतो. म्हणेना का.

या नोंदींची मला लवकरच गोडी लागली. पूर्वी तिकडे जमीन विकली की घेणारा आपला कागद घेऊन तालुक्याच्या कोर्टात जायचा. तिथला कारकून तो कागद एका जाडजूड वहीत शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा आणि मूळ प्रत परत द्यायचा. बस, एवढंच. छापील नमुना नाही, नकाशा नाही. घोड्यावरून जायला एक अख्खा दिवस मोडायचा, म्हणून कितीतरी लोक कागद घरात पेटीत ठेवून द्यायचे आणि मालक मेल्यावर मुलं तो घेऊन धावत यायची. हे वाचून मला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

हद्दीही तशाच. अमक्या पांढऱ्या ओकपासून ओढ्याकडे, ओढ्याने खाली तमक्या विधवेच्या कुंपणापर्यंत, तिथून दगडांच्या ढिगाकडे. आपल्याकडच्या खरेदीखतातली चतुःसीमाच ती, फक्त बाभळीच्या जागी ओक. मोजायचे तेही साखळीनेच, मात्र त्यांची साखळी आपल्यापेक्षा दुप्पट लांब. लिहिता न येणाऱ्यांची नावं कारकून लिहायचा आणि ती माणसं मध्ये एक फुली काढायची. काही फुल्या इतक्या नेटक्या असतात की काढणाऱ्याने श्वास रोखून धरला असणार. बाप मुलीला शेत द्यायचा तेव्हा किंमत म्हणून एक डॉलर आणि पुढे 'माया व प्रेम' असं चक्क लिहिलेलं असायचं. त्याहीआधी, लिहिण्यावाचण्याचा आनंदच होता तेव्हा, विकणारा शेतातच उभा राहून मातीचं ढेकूळ आणि एक डहाळी घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि शेजारीपाजारी बघायला उभे राहायचे. व्यवहार पुरा.

या सगळ्यात एक प्रथा मला सुरुवातीला निव्वळ ढोंग वाटली होती. नवरा जमीन विकायचा तेव्हा बायकोचाही तिच्यात थोडा हक्क असायचा, तो तिने सोडावा लागायचा. पण तिची नुसती सही चालायची नाही. न्यायाधीश किंवा कारकून तिला नवऱ्यापासून बाजूला न्यायचा, दार लावायचा, कागद वाचून दाखवायचा आणि विचारायचा, की बाई, हे तू राजीखुशीने करतेयस ना, कुणाच्या धाकाने किंवा भरीस घातल्यामुळे तर नाही? मग वहीत लिहायचा, की नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारलं असता तिने हो म्हटलं. पानोपानी हेच. मी मनात म्हणायची, दार उघडून ती बिचारी पुन्हा त्याच्याच बैलगाडीत बसून घरी जाणार, ती काय कपाळ सांगणार आहे? त्या चार ओळी मी न वाचताच पुढे जायची.

गेल्या हिवाळ्यात मामाचा फोन आला तोपर्यंत माझं मत असंच होतं.

माझे वडील गेल्यानंतर आई आमच्याकडेच असते. तिचा व्हिसा काढला तेव्हा ती कुरकुरली, पण आता रमली आहे. संध्याकाळी बागेत हैदराबादच्या आणि केरळच्या आज्यांबरोबर फिरते, त्यांच्याशी स्वतःच्या हिंदीत बोलते आणि इथे कपडे किती पटकन वाळतात याचं कौतुक पुण्याला फोन करकरून सांगते. तिचं माहेर सातारा जिल्ह्यात. तिथे आता तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, शेती बघतो. ऊस आणि घेवडा. वर्षातून एकदा आई तिकडे आठवडाभर जाऊन येते आणि परतल्यावर महिनाभर तेच सांगत राहते.

मामाने फोनवर हवापाण्याची चौकशी केली आणि मग म्हणाला, "आक्का, एक काम होतं. शेत पोराच्या नावावर करून देतोय. वकील म्हणतो बहिणीचं हक्कसोडपत्र लागंल. तू तिकडं, म्हणून मुखत्यारपत्र करून पाठव तुझ्या वहिनीच्या नावानं, ती इथं सही करंल. ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय. पोरीला दाखव, तिला त्यातलं कळतं."

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली. "तुझीच आहे की जमीन."

ड्राफ्ट मी वाचला. वाचायला काय, रोजचंच काम. मग सवयीने सरकारी साइटवर जाऊन त्या शेताचा सातबारा काढून पाहिला. मालकाच्या जागी एकट्या मामाचं नाव होतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून आईचंही लागायला हवं होतं, ते कुणी लावलंच नव्हतं. कुणी मुद्दाम गाळलं असंही नाही. मुलीचं नाव लावायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. मला मात्र झणझणीत राग आला. माझा राग भाजणीच्या थालीपिठासारखा असतो, एकदा चिकटला की तव्यावरून लवकर सुटत नाही.

"आई, सही करायची नाही," मी जाहीर केलं. "तुझा अर्धा हिस्सा आहे त्यात. कायद्याने आहे."

"मला काय करायचाय हिस्सा? मी काय नांगर धरणार आहे?"

"प्रश्न तो नाही."

"मग कुठला आहे?" आई वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. "अगं, तुझे बाबा गेले, सासरचं कुणी राहिलं नाही. जाऊन चार दिवस आडवं पडावं असं तेवढं एक घर उरलंय. वहिनी मला सकाळी उठू देत नाही, चहा हातात आणून देते. तो दरवाजा मी कागदासाठी लावून घेऊ?"

यावर मी आणखी मोठ्या आवाजात बोलले. पुढचे कितीतरी दिवस मी तिच्या मागे लागले. जेवताना कायदा, गाडीत कायदा, चहाबरोबर कायदा. नवऱ्याने एकदा इथल्या अरबांसारखं, "यल्ला, चला, तुम्ही मायलेकी ठरवा, मी यात नाही," म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. मुलगी बारावीत आहे. ती हेडफोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मा, यू आर लिटरली शाउटिंग ॲट आजी." मी म्हटलं, ओरडत नाहीये, समजावून सांगतेय. हेही ओरडूनच म्हटलं.

शेवटी एका सकाळी आई शांतपणे म्हणाली, "बरं बाई. नाही करत सही. तू म्हणशील तसं."

मी जिंकले होते. कामाला बसले, लॅपटॉप उघडला, आणि हेच शब्द आपण नुकतेच कुठे ऐकले हे आठवायला मला फार वेळ लागला नाही. मामालाही तिने हेच सांगितलं होतं. माझ्या बाबांना तर जन्मभर हेच सांगत आली. भावाला हो, मुलीलाही हो, आणि तिला स्वतःला काय हवंय ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर मुळीच नाही.

त्या दिवशी समोर होतं ते पानही नेहमीचंच. कुणी शेतकरी ओढ्याकाठचा तुकडा विकतोय, खाली बायकोला बाजूला नेऊन विचारल्याच्या त्याच चार ओळी. त्या दिवशी मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. त्या बाईला बाहेर आल्यावर त्याच गाडीत बसायचं होतं हे खरंच. पण दार बंद असतानाची ती दोन मिनिटं तरी तिच्या हक्काची होती. कुणीतरी नवऱ्याला सांगितलं होतं, तुम्ही जरा बाहेर थांबा. आमच्या घरात हे कुणाला सांगायचं? मामा तर हजार मैलांवर होता. दाराबाहेर काढायला हवी होती ती मी.

विचारणारं माणूस कोण, हा पुढचा प्रश्न. नवरा चालला नसता. आई जावयासमोर पायावर पाय टाकून बसत नाही, ती त्याला मनातलं काय सांगणार. राहिली मुलगी. तिला ना त्या जमिनीशी घेणंदेणं, ना तिने ते गाव नीट पाहिलंय. मी तिला अमेरिकेतली प्रथा समजावून सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "दॅट्स ॲक्चुअली सो स्मार्ट," आणि लगेच अट घातली, की तुम्ही दोघांनी घरात थांबायचं नाही. मी दाराला कान लावीन हे तिला पक्कं माहीत होतं. पोटची पोर, ओळखून आहे.

शनिवारी सकाळी आजी आणि नात आतल्या खोलीत बसल्या आणि आम्ही नवराबायको घराबाहेर काढले गेलो. सुपरमार्केटमध्ये मी तीच कोथिंबीर तीनदा उचलून खाली ठेवली. नवरा म्हणाला, "तलाठीबाई, खलास. आता निकाल आपल्या हातात नाही." एरवी मी उलटून बोलले असते. त्या दिवशी कोथिंबीर चौथ्यांदा उचलली.

परत आलो तर मुलगी सोफ्यावर टोस्ट खात होती.

"काय म्हणाली आजी?"

"कान्ट टेल यू. यू आर अ पार्टी टू धिस."

"अगं, मी तुझी आई आहे."

"एक्झॅक्टली," ती म्हणाली आणि आणखी लोणी लावून घेतलं.

जेवताना आईने आपणहूनच विषय काढला. वरणभात कालवत, खाली बघत. "हिने मला विचारलं, आजी, तुला काय हवंय? मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, तुला. मला जरा वेळ लागला बघ. मग सांगितलं." तिने आणखी वरण घेतलं. "मला जमीन नको. हे मी कुणाला घाबरून म्हणत नाही, खरंच नको. त्याने राबून ती सांभाळली, ती त्याच्या पोरालाच जाऊ दे. पण आधी माझं नाव तिथे लागू दे. मग मी सोडते. जे माझं म्हणून कुठे लिहिलेलंच नाही, ते मी सोडू कसं?"

मग तिने आम्हाला जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ती लहान असताना शेताची मोजणी आली होती. मामा तेव्हा पाळण्यात. आजोबांनी तिला बरोबर नेलं, प्रत्येक हद्दीच्या दगडावर तिचा हात ठेवला आणि म्हणाले, तू थोरली, तुला ठाऊक असलं पाहिजे. आईने ताटावरच चारी बाजू सांगितल्या. उगवतीला पाटाचं पाणी, मावळतीला देशमुखांचा बांध, वरच्या अंगाला गाडीवाट, खालच्या अंगाला ओढा आणि त्याच्या काठचा करंज. रोज परक्या मुलखाच्या चतुःसीमा टाइप करणारी मी, घरातली ही एक मी कधी विचारलीच नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फोन आईनेच केला. मी फक्त नंबर लावून दिला आणि गच्चीत जाऊन उभी राहिले, पण तिचा आवाज बाहेर येत होता.

"तसं नाही रे. देणार आहे, सगळं देणार आहे. आधी नाव लाव, मग काढ." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. "हो, खर्च होईल. हेलपाटेही पडतील. मला कळतंय." आणि शेवटी, "नाही, पोरीने शिकवलेलं नाही. माझं मीच बोलतेय."

मामाने फोन ठेवला. आई म्हणाली, चिडून आपटला नाही, पण ठेवताना एरवी म्हणतो तसं, "ये की आक्का एकदा," असं म्हणाला नाही.

त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं. एरवी दर रविवारी यायचा. संक्रांत येऊन गेली. एरवी आधीच्या आठवड्यात मामी तिळाचे लाडू कुणाच्यातरी बॅगेतून पाठवायची, ते आले नाहीत. आई रविवारी सकाळी फोन चार्जिंगला लावून उशाशी घेऊन बसायची. हा दरवाजा लागला, आणि तो लावायला मीच पहिला धक्का दिला, या विचाराने माझी झोप उडाली. एकदा तिला म्हटलं, "आई, नको असेल तर करून टाकू सही. मी काही म्हणणार नाही."

"तू नकोच काही म्हणू," आई म्हणाली. "मी त्याला नाही म्हटलेलं नाही. आधी लाव म्हटलंय. तो येईल." मग थोड्या वेळाने, "इन्शाल्ला म्हणतात ना इथे, तसं."

फोन आला तो रविवारी नाही, मधल्याच एका दुपारी. मामाच्या मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता. तो तलाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा होता. आईने फोन स्पीकरवर टाकला.

"आक्का, झाली नोंद. अर्ज दिला, नोटीस निघाली, मुदत गेली, मंडल अधिकाऱ्यानं आज मंजूर केली. ऐक, वाचतो." आणि त्याने वाचून दाखवलं. मयत म्हणून आजोबांचं नाव, त्यांचे वारस म्हणून आईचं नाव, मुलगी, आणि त्याखाली त्याचं स्वतःचं, मुलगा. वाचून झाल्यावर जरा घसा खाकरून म्हणाला, "तलाठ्यानं आधी माझं घातलं होतं वर. मी म्हटलं, ती थोरली आहे, तिचं वर येईल. परत लिहायला लावलं."

मामाने दोनदा, "हॅलो, आक्का?" केलं.

"जेवलास का?" आईने विचारलं.

"नाही अजून. जातो आता घरी."

"जा. आणि वहिनीला सांग, लाडू राहिलेत."

"पाठवतो की. आता जाणारं कोण आहे बघतो."

माणसाने किती जणांचं ऋणी असावं याला काही मर्यादा नसते. मामाने त्या कार्यालयात किती चकरा मारल्या असतील, गावात कुणाकुणाचं काय ऐकून घेतलं असेल, ते त्याने कधी सांगितलं नाही. पोर परीक्षा तोंडावर असताना एक सकाळ आजीसमोर बसली. आणि दूरच्या कुठल्या गावातल्या कुणा कारकुनाने, घरी जायची घाई असताना, शाई संपत आली असताना, त्या चार ओळी दर वेळी पुन्हा उतरवल्या. त्या सगळ्यांचे आभार मी मनातल्या मनात मानत असते. आता काम करताना मी ते पान ओलांडून पुढे जात नाही. बाईचं नाव असेल तर सावकाश वाचते.

नव्या सातबाऱ्याची प्रत आईने मला मोठ्या अक्षरात छापून आणायला लावली. आठवडाभर ती तिच्या उशीखाली होती. माझ्या मते तिने ते नाव तसंच ठेवायला हवं होतं, अजूनही माझं मत तेच आहे, पण मला कुणी विचारलं नव्हतं. आठव्या दिवशी आईने इस्त्रीची साडी नेसली आणि म्हणाली, "चल, सहीचं उरकू."

टायपिंग सेंटरवाल्याने मुखत्यारपत्र टाइप करून दिलं. ते घेऊन आम्ही अबुधाबी शहरात सह्या साक्षांकित करून देणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथे भरपूर गर्दी, टोकन हातात घेऊन बसलेले लोक, कडेवरची मुलं. आमचा नंबर आल्यावर मी आईला काउंटरपर्यंत नेलं आणि मागे सरून लायनीबाहेर उभी राहिले. काचेपलीकडच्या माणसाने पासपोर्ट पाहिला, पानं उलटली आणि मान वर न करताच म्हणाला, "माताजी, यहां साइन कीजिए."

त्याने काही विचारलं नव्हतं. विचारायचं त्याला कारणही नव्हतं, मागे इतके लोक थांबलेले. आईने पेन घेतलं, पण सही करण्याआधी काचेकडे वाकली आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेरी जमीन है. मैं भाई को दे रही हूं."

त्याने मान वर केली. "अच्छा, माताजी," तो म्हणाला, आणि तिची सही होईपर्यंत शिक्का हातात धरून थांबला.